बारा व्होल्टला काय होतंय?

कोलशेत रोडवर सकाळी सातच्या सुमाराला उभे राहिलात, तर शाळेच्या व्हॅन एकामागून एक जाताना दिसतील. कापूरबावडीला त्या अडकल्या की आत दाटीने बसलेली मुले घामाघूम होतात. मग एखादी आई म्हणते, "काका, एक पंखा तरी बसवा ना!" व्हॅनकाका पंखा बसवतात. पंख्यापाठोपाठ एलईडीची पट्टी येते, गाणी येतात, मोबाइलचा चार्जर येतो. प्रत्येक नवी वायर आधीच्या वायरीला पिळा देऊन जोडली जाते.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका व्हॅनकाकांनी मला गाडी दाखवली. पंखा हळू फिरत होता आणि अधूनमधून जळका वास येत होता. सीटखाली पाहिले, तर घरातल्या दिव्याची बारीक वायर वापरलेली, टेपचा डिंक उष्णतेने सुटलेला आणि एके ठिकाणी पत्र्यावर घासून आवरण सोललेले. फ्यूज कुठेच नव्हता. काका म्हणाले, "साहेब, बाराच व्होल्ट तर आहेत. शॉकसुद्धा लागत नाही."

श्रोतेहो, नेमकी इथेच गफलत होते. बारा व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, पण आग मात्र लागू शकते. घरातला ६० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो. तेवढ्याच वॅटचे उपकरण बारा व्होल्टवर ५ अँपिअर घेते, म्हणजे सुमारे एकोणीसपट. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे त्याच तारेत ती साडेतीनशेपटींहून जास्त होते. म्हणून घरचा हिशेब गाडीत चालत नाही.

पंखा हळू का फिरत होता, तेही यातच आले. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन दहा मीटर धरली आणि तिच्यातून १० अँपिअर नेले, तर वाटेतच सुमारे सव्वा व्होल्ट खर्च होतो. घरात तो कळणारही नाही. बारा व्होल्टमधून गेला, तर दहावा हिस्सा गेला. म्हणून गाडीत वायर जाड, अनेक तारांची आणि शक्य तितकी आखूड असावी.

आता फ्यूज. फ्यूज पंख्याच्या रक्षणासाठी असतो, असे पुष्कळांना वाटते. तो असतो मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी. वायर पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत हवा. तो पंख्यापाशी लावला, तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल, तर मोठा घालू नका, तारेचा तुकडा तर नकोच. दोष कुठे आहे, ते शोधा.

मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत निघत होती आणि २०१० मध्ये ईको आली. दोन्हींचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथून वायर न्यायचीच असेल, तर उष्णता सोसणारी नळी घाला. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. सांधे पिळून टेप लावण्याऐवजी थिंबल दाबून करा. गॅस किट असेल, तर गॅसच्या नळीला वायर बांधू नका. खाडीकाठच्या दमट हवेत अर्थचा बोल्टही गंजतो. तो पावसाळ्यापूर्वी आणि नंतर घासून घट्ट करावा. मोठ्या दिव्यासाठी किंवा हॉर्नसाठी रिले लावावा, म्हणजे जास्त प्रवाह लहान बटणातून जात नाही.

राहिली बॅटरी. शाळा सुटायची वाट पाहताना पंखे, दिवे आणि गाणी मिळून ६ अँपिअर घेत असतील, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासांत निम्मी उतरते. मग सेल्फ लागत नाही आणि मुलांना उतरवून गाडी ढकलावी लागते. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी केलेली असते. वारंवार खोल उतरली, की ती लवकर मरते. इंजिन बंद ठेवून बराच वेळ वीज हवी असेल, तर खोल उतरणे सोसणारी दुसरी बॅटरी घ्यावी. ती अशा रिलेने जोडावी, की इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या एकत्र येतील. तिच्याही टोकाशी फ्यूज हवा. पाण्याची बॅटरी असेल, तर हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

त्या काकांची सगळी जोडलेली वायरिंग आम्ही काढली आणि नव्याने केली. दिवसभराचे काम होते. त्या दिवशी मुले रिक्षाने गेली, एक-दोन पालक कुरकुरलेही. आता पंखा जोरात फिरतो.

पालकांनीही पंखा मागताना एक प्रश्न अवश्य विचारावा : "काका, याचा फ्यूज कुठे आहे?" उत्तर देताना काकांना बोट दाखवता आले पाहिजे.