√७२ किती? कॅल्क्युलेटर न काढता सांगा

७२ ही पूर्ण वर्गसंख्या नाही, हे एककस्थानच्या २ वरूनच कळतं. २, ३, ७ किंवा ८ नं संपणारी पूर्ण वर्गसंख्या नसतेच. मग अंदाज बांधायचा. ८ चा वर्ग ६४, ९ चा ८१. साडेआठाचा वर्ग ७२.२५, म्हणजे उत्तर साडेआठाहून किंचित कमी. आणखी नेमकं हवं असेल तर ७२ ला ८.५ नं भागा, साधारण ८.४७ येतात, दोन्हींची सरासरी ८.४८५. झालं की!

सरळरूप देताना ७२ चा अवयव असलेला सर्वांत मोठा वर्ग शोधायचा: ३६ × २, म्हणून ६√२. बरीच मुलं ९ × ८ करून ३√८ वर थांबतात. ते चूक नाही, अर्धवट आहे. √८ मधून आणखी एक २ बाहेर येतो. खरी गफलत वेगळीच: √(९ + १६) म्हणजे ३ + ४ नव्हे. उत्तर ५ आहे, ७ नाही. वर्गमूळ गुणाकारावर वाटून देता येतं, बेरजेवर नाही.

उरला √२. बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी त्याचा हिशेब दिला आहे: १ मध्ये त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. येतात ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५…. खरी किंमत १.४१४२१३…. पहिली पाच दशांशस्थळं तंतोतंत जुळतात.