परत जाण्यास वर्ग असलेला गव्हर्नर

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने बँकेची पायरी स्वतःच्या पगारापुरती चढावी आणि बँकेच्या अधिकाऱ्याने पदवी हाती पडताच अर्थशास्त्राचे पुस्तक मिटावे, अशी एक विचित्र श्रमविभागणी आपल्याकडे रूढ झाली आहे. ती अपरिहार्य नाही, हे डॉ. आय. जी. पटेल यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की ध्यानात येते. केंब्रिजहून परतल्यावर बडोद्याच्या महाविद्यालयात अध्यापन, मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, दिल्लीचे अर्थखाते, १९७७ ते १९८२ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद. आणि त्यानंतर पुन्हा विद्याक्षेत्र. प्रथम अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, पुढे १९८४ ते १९९० लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालकपद.

पदांची यादी दिपवणारी खरी, पण यादीत माणूस सापडत नाही. तो सापडतो जानेवारी १९७८ मध्ये. जनता सरकारने त्या महिन्याच्या १६ तारखेस वटहुकूम काढून एक, पाच व दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या. अशा उपायांतून फारसे काही निष्पन्न होत नाही, काळा पैसा रोकड स्वरूपात फार काळ पडून राहत नाही, असे पटेल यांनी अर्थमंत्री एच. एम. पटेल यांना स्पष्ट सांगितले होते. साठा आणि प्रवाह यांतील भेद आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. गव्हर्नरांनी तोच मंत्र्यांपुढे मांडला म्हणावयाचे. सल्ला मानला गेला नाही, आणि रिझर्व्ह बँकेने वटहुकमाची अंमलबजावणी केली. २०१६ साली हाच प्रयोग कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के मूल्याच्या नोटा बँकांत परतल्याचे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात नमूद झाले.

हा स्पष्टपणा कोठून येतो? स्वभावातून, असे कोणी म्हणेल, म्हणोत बापडे. मला वाटते, ज्याला परत जाण्यास वर्ग आहे, त्याला अप्रिय सल्ला देणे थोडे सोपे जाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख सनदी नोकर, प्राध्यापक नव्हेत. पण १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगात आणि दिल्ली विद्यापीठात त्यांनी केलेले काम पाहता, सत्तेबाहेरही त्यांना जग होते हे दिसते.

त्याच आयोगाने २०२२ साली अनुभवी व्यावसायिकांना प्राध्यापक म्हणून नेमण्याची मुभा दिली. बँकर वर्गात येऊ शकेल, उत्तम झाले. उलट दिशेचा रस्ता मात्र अरुंदच आहे. दोन वर्षे बँकेच्या कर्जविभागात काम करून येतो, असे म्हणून रजा मागणाऱ्या प्राध्यापकाकडे संस्थाचालक कोणत्या नजरेने पाहतात, हे या व्यवसायातील मंडळींना सांगावयास नको. पतनियंत्रणाचे प्रकरण तेवढे, कर्जाचा एकही अर्ज जवळून न पाहिलेल्या शिक्षकाकडून, दरवर्षी नेमाने शिकवले जाते.