शिसं दिसत नाही, मोजावं लागतं

मंडळी, कानाला हात लावून बैलाला ताप आहे की नाही हे सांगणारी माणसं अजून आपल्या गावात आहेत. पण माणसाच्या रक्तात शिसं किती, हे नाडी बघून कुणालाही सांगता यायचं नाही. पोटात कळ येते, डोकं जड होतं, हातापायांतलं बळ जातं. आपण म्हणतो, पित्त असेल, ऊन लागलं असेल. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. आतल्या आत रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं खराब होतात.

"आमच्याकडं शिसं कुठून येणार?" असं तुम्ही म्हणाल. जरा भोवताली बघा. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसं वितळवलं जातं, त्याची धूळ कपड्यांबरोबर घरात येते. मारुतीरायाचा शेंदूर मुळात शिशापासूनच होतो. कल्हईच्या कथलात स्वस्त शिसं मिसळलं असेल, तर चिंचेचं सार ते ओढून घेतं. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी शिशाचा रंग घालतात. नागभस्म म्हणजे तर शिशाचंच भस्म. रंगातल्या शिशाला २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली, पण त्याआधीचा ऑइलपेंट जुन्या दारांवर आहेच.

पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं २००० साली. पण ते आपल्या अंगात जातं, हे जगाला पटलं कसं? अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात एक मोठी आरोग्य पाहणी झाली. ती कारखान्यातल्या कामगारांची नव्हती. शेतकरी, दुकानदार, घरातल्या बायका, लेकरं, म्हातारी, अशा साध्या लोकांचं रक्त तपासलं. सरासरी निघाली १२.८. म्हणजे १०० मिलिलिटर, साधारण अर्धा कप रक्तात १२.८ मायक्रोग्रॅम शिसं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या चार वर्षांत पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, तसा रक्तातला आकडाही उतरत गेला. १९८८ ते १९९१ च्या पाहणीत तो २.८ वर आला. मोजलं नसतं, तर कंपन्यांपुढं बोलायला पुरावाच नव्हता.

तपासणी अवघड नाही. दंडाच्या शिरेतून थोडं रक्त घेतात. शिसं बहुतेक सगळं तांबड्या पेशींत असतं, म्हणून अख्खं रक्त लागतं, नुसता वरचा द्रव चालत नाही. नळी शिसेमुक्त हवी आणि कातडी आधी स्वच्छ धुतलेली हवी. बोट टोचून घेतलेल्या थेंबात हाताची धूळ मिसळली तर आकडा उगाच फुगतो. तसा जास्त आला तर शिरेतल्या रक्तानं पुन्हा खात्री करावी.

आकडा ५ किंवा त्याहून जास्त आला, तर शिसं कुठून येतं ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याखालचा आकडा सुरक्षित आहे, असा मात्र अर्थ नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात गेलेलं वर्षानुवर्षं मुक्काम करतं. बाईला दिवस गेले की हाडातल्या कॅल्शियमबरोबर तेही सुटतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. सासरी आलेल्या सुनेनं लहानपणी खाल्लेलं शिसं असं नातवाच्या वाट्याला येतं.

म्हणून गावात आरोग्य शिबिर लागलं, की साखर आणि रक्तदाबावर थांबू नका. बॅटरीवाला, रंगारी, कल्हईवाला यांची तपासणी आधी मागा. पण ज्यांचा शिशाशी काही संबंध दिसत नाही, अशा चारदोन घरांचीही मागा. नेमकं तिथंच कळेल, की शिसं दुकानात राहिलंय की गावभर फिरतंय. विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे आपण दोर सोडून बघतो. रक्ताचा अंदाज तेवढा वरूनच का बांधायचा?