देवगिरी : डोंगर, नगर आणि नामांतर

नामांतर म्हणजे जुन्या नावाचा लोप, असे स्थलनामांच्या अभ्यासात पुष्कळदा गृहीत धरले जाते. देवगिरीचे उदाहरण हे गृहीतक तपासावयास लावते.

‘देवगिरी’ हे नाव अर्थतः डोंगराचे आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात यादव राजा पाचवा भिल्लम याने येथे राजधानी केली आणि तेच नाव नगराचेही झाले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘मेघदूता’तील देवगिरी उज्जयिनीच्या पुढील मार्गावर येतो, तो हा नव्हे. नामसादृश्यावरून स्थलैक्य सिद्ध होत नाही.

१३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने येथे राजधानी आणली. नगर ‘दौलताबाद’ झाले. त्याच शतकातील प्रवासी इब्न बतूता मात्र तीन भाग नोंदवितो : दौलताबाद, ‘कटक’ आणि ‘दुवैगीर’ नामक बालेकिल्ला. ‘कटक’ हा सैन्यतळाचा वाचक संस्कृत शब्द. ‘दुवैगीर’ हे ‘देवगिरी’चेच उच्चारांतर. सत्तेने नगराचे नाव बदलले. डोंगराने आपले राखले.

तात्पर्य, मध्ययुगीन साहित्यातील स्थलनाम वाचताना ते डोंगराचे, नगराचे की राजसत्तेचे, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.