स्पीकर पाच, ध्वनी किती?

‘५.१ होम थिएटर’ असे ठळक अक्षरांत छापलेला खोका आता तालुक्याच्या गावीही मिळतो. आत पाच लहान स्पीकर आणि एक सबवूफर असतो. टीव्हीपासून एक वायर आणून जोडली की सारे स्पीकर वाजू लागतात आणि घेणाऱ्याचे समाधान होते. पण त्या वायरीतून डावा आणि उजवा असे दोनच ध्वनी येत असतील, तर उरलेले स्पीकर नेमके काय वाजवतात? हा प्रश्न वरकरणी दुकानदाराला विचारण्याचा वाटतो. खरे म्हणजे तो बीजगणिताचा आहे आणि नववी-दहावीच्या एकसामयिक समीकरणांपाशी जाऊन पोहोचतो.

आधी कानांकडे पाहू. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला कसे कळते? लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली याचे जे उत्तर दिले, ते मुख्यतः आजही टिकून आहे. डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानाला आधी पोहोचतो. डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत जायला त्याला सुमारे २२ सेंटिमीटर जास्त जावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर हा उशीर फार तर ०.६५ मिलिसेकंद होतो. एवढ्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. वारंवारता जास्त असेल तर डोक्याची ‘सावली’ पडून दूरच्या कानाला आवाज क्षीणही ऐकू येतो.

हे वर्गात सहज दाखवता येते. सुमारे मीटरभर लांबीची रबरी नळी घ्यावी, तिच्या बरोबर मध्यावर खूण करावी आणि दोन्ही टोके एका विद्यार्थ्याच्या कानांशी धरायला सांगावीत. नळी त्याच्या पाठीमागे राहील असे पाहावे. आता दुसऱ्याने पेन्सिलीने नळीवर हलकेच टकटक करावी. मध्यापासून केवळ १ सेंटिमीटर बाजूला टकटक केली, तरी दोन मार्गांत २ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणजे सुमारे ६० मायक्रोसेकंदांचा. तरीही बहुतेक मुले बाजू बरोबर सांगतात.

१९३१ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच तत्त्वावर. दोन स्पीकरांतून सारखाच आवाज आला, तर तो दोहोंच्या मधून आल्यासारखा वाटतो. मात्र हा भास बरोबर मध्ये बसणाऱ्यालाच होतो. बाजूला बसणाऱ्याला तो जवळच्या स्पीकरमधूनच येतो असे वाटते. चित्रपटगृहात सगळेच प्रेक्षक मध्ये कसे बसणार? म्हणून संवादांसाठी पडद्यामागे मधोमध वेगळा स्पीकर लागतो आणि पाठीमागच्या आवाजांसाठी खरोखरच पाठीमागे स्पीकर ठेवावे लागतात.

अशा रीतीने किमान चार ध्वनी हवेत: डावा, उजवा, मधला आणि पाठचा. अडचण जागेची होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ध्वनीसाठी कडेला एक अरुंद पट्टी असते. तिच्यात दोनच पट्टे नीट बसतात. मग चार ध्वनी दोन पट्ट्यांत कसे कोंबायचे? डॉल्बी कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्याला जी युक्ती वापरली आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने जी गाजली, ती अशी. चार ध्वनींना ड, उ, म, प म्हणू.

पहिला पट्टा = ड + ०.७म + ०.७प
दुसरा पट्टा = उ + ०.७म − ०.७प

मधला ध्वनी दोन्ही पट्ट्यांत सारखा मिसळला. पाठचाही दोन्हींत मिसळला, पण उलट कलेत; एकात लहरीचा उंचवटा असेल तेव्हा दुसऱ्यात खळगा. आता बेरीज करून ०.७ ने गुणा: म + ०.७ड + ०.७उ मिळते. प नाहीसा होतो. वजाबाकी करून तेच करा: प + ०.७ड − ०.७उ मिळते. म नाहीसा होतो.

युक्ती सुंदर आहे, पण तिची मर्यादा लपत नाही. समीकरणे दोन आणि अज्ञाते चार! ती पूर्णपणे सोडवता येणे शक्यच नाही. मधल्या स्पीकरमध्ये डावा-उजवा आवाज गळतो, आणि ०.७ चा वर्ग ०.४९ म्हणजे गळती निम्म्या शक्तीची असते.

घरगुती संचांसाठी १९८२ साली ‘डॉल्बी सराउंड’ आणि १९८७ साली ‘प्रो लॉजिक’ आले ते याच गणितावर. प्रो लॉजिकमधले मंडल त्या क्षणी कोणता ध्वनी वरचढ आहे ते हेरते आणि इतर स्पीकरांतून तो वजा करते. बहुतेक प्रसंगी एका वेळी एकच आवाज वरचढ असतो, म्हणून हे चालून जाते. गळतीवर आणखी एक उपाय होता. पाठचा आवाज सुमारे २० मिलिसेकंद उशिरा सोडत. तोच आवाज दोन दिशांनी थोड्या अंतराने आला तर मेंदू आधी आलेल्याची दिशा खरी धरतो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवले होते. माझ्या मते या साऱ्या कथेतली हीच सर्वांत चतुर गोष्ट आहे: जे गणिताला जमले नाही, ते कानाकडून करवून घेतले.

संगणक असेल तर ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रणालीत एखादे स्टिरिओ गाणे घ्या, एका बाजूची लहर उलटी करा आणि दोन्ही मिसळा. गायकाचा आवाज बहुधा मधोमध ठेवलेला असतो. तो जवळजवळ नाहीसा होतो, वाद्ये उरतात. जुने मोनो गाणे घेतले तर काहीच उरत नाही. का, ते मुलांनाच सांगू द्यावे.

प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र जागा मिळाली ती अंकीय तंत्रामुळे. १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’मध्ये डॉल्बी डिजिटल आले, त्याचे अंक फिल्मच्या कडेच्या भोकांच्या मधल्या जागेत छापलेले असत. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’साठी डीटीएसने ध्वनी वेगळ्या सीडीवरच ठेवला. आता अज्ञाते जितकी तितकीच समीकरणे. पण जागेचा प्रश्न होताच. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, असे पाच ध्वनी म्हणजे सेकंदाला ३८,४०,००० बिट. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलला जास्तीत जास्त ४,४८,००० मिळतात, म्हणजे नवव्या हिश्शाहून थोडेच जास्त. मोठ्या आवाजाने झाकला जाणारा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही, म्हणून त्याच्यावर बिट खर्च करत नाहीत. टाकलेला भाग परत मिळत नाही. ब्लू-रे तबकडीवरच्या ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या प्रकारांत मात्र काहीही टाकलेले नसते.

‘५.१’ मधला ‘.१’ म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खोल आवाजांचा मार्ग. श्राव्य मर्यादा २०,००० हर्ट्झ धरली तर गणिताने ५.००६ लिहायला हवे! ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाचार मीटर असते. तिच्यापुढे आपले डोके अगदीच लहान, त्यामुळे तिची दिशा नीट कळत नाही आणि एक सबवूफर पुरतो.

तबकडीवर ‘डॉल्बी डिजिटल’ लिहिले म्हणजे आत ५.१ असेलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे. त्या प्रकारात एकच ध्वनीही असू शकतो. बारीक अक्षरांतले १.०, २.० किंवा ५.१ वाचावे लागते. वायरही पाहावी. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून दोनच ध्वनी येतात. सहा यायचे तर एचडीएमआय किंवा ऑप्टिकल वायर आणि ती वाचू शकणारा संच हवा. हे नसेल तर खोक्यातले पाठचे स्पीकर पुढच्याचीच नक्कल किंवा वजाबाकी वाजवतात. शाळेच्या सभागृहासाठी वर्गणी काढताना हा विचार जरूर व्हावा. भाषण स्पष्ट ऐकू यायला समोरचा एक चांगला स्पीकर पाच सुमार स्पीकरांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

२०१२ साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटाबरोबर आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने विचारच बदलला. यात आवाज कोणत्या स्पीकरचा हे नोंदवण्याऐवजी तो अवकाशात कोठे आहे याचे निर्देशक नोंदवता येतात. कोणता स्पीकर किती वाजवायचा हे प्रेक्षकाच्या खोलीतला संच ठरवतो. ५.१.२ मधला शेवटचा अंक वरून ऐकू येणाऱ्या स्पीकरांचा.

पण वरून आलेला आवाज ओळखायचा कसा? बरोबर समोरचा, डोक्यावरचा आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो. रॅले यांचे उत्तर येथे अपुरे पडते. येथे कानाच्या पाळीच्या वळ्या कामी येतात. दिशेनुसार त्या काही वारंवारता वाढवतात, काही दाबतात. विद्यार्थ्याला डोळे मिटून, मान न हलवता बसवावे आणि किल्ल्यांचा जुडगा समोर, डोक्यावर, पाठीमागे असा वाजवावा. मग कानाच्या पाळ्या बोटांनी डोक्याशी सपाट दाबून धरायला सांगून तेच पुन्हा करावे आणि दोन्ही वेळच्या चुका फळ्यावर मांडाव्यात.