पेशींची नाडीपरीक्षा

रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहण्याची वैद्यांची रीत फार जुनी आहे. शरीर न कापता आतील स्थिती बाहेरून जाणणे, हे तिचे मर्म होय. परंतु ज्यांना मनगट नाही आणि वाचाही नाही, अशा सूक्ष्म पेशींची प्रकृती कशी ओळखावी?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. नवे औषध माणसास देण्यापूर्वी ते प्राण्यांवर पारखून पाहतात. परंतु उंदराचे यकृत व माणसाचे यकृत यांचे व्यवहार सर्वस्वी सारखे नसतात. ट्रोग्लिटाझोन नावाचे मधुमेहावरील औषध अमेरिकेत १९९७ साली विक्रीस आले. पुढे त्यामुळे काही रोग्यांच्या यकृतास गंभीर इजा झाली व काहीजण दगावले. अखेर २००० साली ते तेथील बाजारातून काढून घ्यावे लागले.

असे अनर्थ आधीच ओळखता यावेत, म्हणून शास्त्रज्ञांनी ‘अवयव-चिप’ निर्माण केली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वीस संस्थेत डोनाल्ड इंगबर व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली फुप्फुसाची चिप तयार केली. रबरासारख्या पारदर्शक पदार्थाच्या छोट्याशा तुकड्यात बारीक वाहिन्या कोरलेल्या असतात. मध्ये सच्छिद्र पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूस फुप्फुसाच्या पेशी व हवा, तर दुसऱ्या बाजूस रक्तवाहिनीच्या पेशी व पोषक द्रव असतो. हा पडदा श्वासोच्छ्वासाप्रमाणे ताणला जातो व सैल होतो. याच धर्तीवर यकृताच्या पेशींचीही चिप करता येते.

या पेशींची प्रकृती पाहण्यासाठी त्यांना रंग द्यावा किंवा त्या फोडाव्या, तर केवळ त्या क्षणाची स्थिती कळते आणि बहुधा पेशीही नष्ट होतात. परंतु जिवंत पेशी प्राणवायू व ग्लुकोज ही शर्करा घेते आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर सोडते. तेव्हा पेशींवरून वाहून आलेला द्रव तपासला, तर त्यांचा जमाखर्च आपोआप कळतो.

हे काम विद्युत्-रासायनिक संवेदक करतो. त्याचा पाया लेलँड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने घातला. प्राणवायू मोजणाऱ्या विद्युदग्राचे वर्णन त्याने १९५६ साली प्रसिद्ध केले. १९६२ साली, विशिष्ट पदार्थावरच क्रिया करणारे विकर विद्युदग्रावर बसवून शर्करा मोजण्याची युक्ती त्याने व त्याच्या सहकाऱ्याने मांडली. आजच्या अनेक संवेदकांत विकर ग्लुकोजवर क्रिया करते तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. विद्युदग्रावर त्याचे विघटन होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो. शर्करा जितकी अधिक, तितका प्रवाहही अधिक. अशा रीतीने पेशींची मूक भाषा आकड्यांत उमटते.

२०१६ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी यकृताच्या चिपला असे संवेदक जोडले. ग्लुकोज व लॅक्टिक आम्ल त्यांनी विद्युत्-संवेदकांनी मोजले, तर प्राणवायू प्रकाशाच्या साहाय्याने मोजला. नंतर त्यांनी त्याच ट्रोग्लिटाझोनची परीक्षा घेतली. पूर्वी सुरक्षित मानलेल्या मात्रेतही ते औषध पेशींच्या श्वसनावर ताण आणते, असे दिसून आले. पेशी जिवंत होत्या, परंतु त्यांचा जमाखर्च बिघडला होता.

या मार्गात अडचणीही आहेत. द्रवातील प्रथिने विद्युदग्रावर साचतात, विकराचे बळ हळूहळू ओसरते आणि मग आकडे चुकू लागतात. यासाठी ठाऊक प्रमाणाच्या द्रावणाने संवेदक पुनःपुन्हा पारखावा लागतो. शिवाय एक चिप म्हणजे संपूर्ण शरीर नव्हे. तरीही औषधाचा दोष रोग्याच्या शरीरात प्रकट होण्यापूर्वी चिपवरील मूठभर पेशींनी तो सांगावा, यातच या नव्या नाडीपरीक्षेचे मोल आहे.