ऑक्सिजन मीटरच्या पडद्याची निगा

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारे अनेक प्रोब लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात घडवलेल्या रचनेचे असतात. टोकाला टेफ्लॉनसारखा पातळ पडदा, आत पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आणि दोन इलेक्ट्रोड. पडद्यातून झिरपलेला प्राणवायू कॅथोडवर खर्ची पडतो. त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून मीटर आकडा दाखवतो.

पडद्यावर शेवाळ किंवा तेलकट थर बसला की रीडिंग कमी येते. पडदा सुरकुतला, फाटला किंवा आत बुडबुडा राहिला, तर आकडा स्थिरावत नाही. वापरानंतर पडदा स्वच्छ पाण्याने धुवावा, बोट लावू नये. बदलताना जुने द्रावण काढून नवे भरावे, मग ओलसर हवेत १०० टक्क्यांवर कॅलिब्रेशन करावे. समुद्रसपाटीला, २५ अंश सेल्सिअसच्या संपृक्त गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पडताळणीला हा आकडा उपयोगी. प्रोब स्वतःच प्राणवायू वापरतो, म्हणून मोजताना पाणी हलते ठेवावे. एरवी टोक ओलसर ठेवावे.

मत्स्यतळ्यात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. तेव्हा मीटरने फसवे मोठे आकडे दाखवले आणि एरेटर बंद राहिला, तर मासळी गुदमरून मरते.